फारसीची पंधरावी विद्यार्थिनी

मी आयुष्यभर वडशात फारसी शिकवली. हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "कोणाला?" दोन्ही गोष्टी रास्त आहेत. गडचिरोली जिल्ह्यातलं तांदळाच्या गिरण्यांचं गाव, रेल्वेचं स्टेशन, हिवाळ्यात नाटक कंपन्यांची धावपळ. अशा गावात इराण नकाशावर कुठे आहे हे शोधायचं कोणाला काही कारण नाही. माझे वडील भांड्यांना कल्हई लावायचे. मी नागपूरला फारसीत एम. ए. करतोय म्हटल्यावर त्यांचे दोस्त दुकानाच्या फळीवर बसून म्हणायचे, "पढे फारसी, बेचे तेल." वडील भाता मारता मारता सांगायचे की तेल विकायची वेळ येणार नाही, कल्हईचं दुकान आहे. त्यांचा माझ्यावरचा विश्वास एवढाच होता.

या दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव मागितले, तेव्हा मी आधी गमतीचं एक टिपण काढलं होतं. ते अर्धं फाडलं. उरलेलं वापरतो आहे, कारण माझा धंदा काय होता हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. पण सांगायची आहे ती गोष्ट एकच, आणि ती गमतीची नाही.

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला इंग्रजी सक्तीची आणि तिच्या जोडीला मराठी, हिंदी, फारसी यांतली कोणतीही एक भाषा घ्यायची, अशी सोय होती. फारसीला यायची ती गावातल्या उर्दू शाळेतली मुलं. लिपी त्यांना येत असे, त्यामुळे निम्मं ओझं आधीच उतरलेलं. उरलेलं निम्मं मी उतरवत असे. फारसी अवघड आहे हा निव्वळ गैरसमज आहे. पहिल्या तासाला मी फळ्यावर जमीन, बाजार, दरवाजा, कागद, हजार, गुलाब, दवाखाना असे शब्द लिहायचो आणि म्हणायचो, झाली तुमची अर्धी फारसी. अर्धी काही होत नसे, पण जूनमध्ये एवढं चालून जातं.

मग व्याकरण. मराठीत फळा तो, खुर्ची ती आणि टेबल ते. का, ते विचारू नये. फारसीत ही भानगडच नाही. तो, ती, ते, सगळ्यांना मिळून एकच शब्द, 'ऊ'. क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. गेलो हे 'रफ्तम', गेलास हे 'रफ्ती', गेला, गेली, गेलं हे सगळं 'रफ्त'. सहा प्रत्यय पाठ केले की कोणतंही क्रियापद चालवता येतं, आणि ते पाठ करून घ्यायला मी मुलांना पाढ्यासारखं सुरात म्हणायला लावत असे. शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या सरांनी याबद्दल दोनदा लेखी तक्रार केली.

आमच्या भागातल्या मुलांना एक फायदा होता. 'त्याला पाहिलं' याला फारसीत 'ऊ रा दीदम' म्हणतात. हा 'रा' काय आहे, हे पुण्यामुंबईच्या मुलांना समजावताना तिथल्या मास्तरांना कष्ट पडत असतील. मी म्हणायचो, अरे, हा आपला 'ले' आहे. त्याले पाह्यलं, ऊ रा दीदम. संपलं. आणि एक तोटाही होता. फारसीत क्रिया चालू आहे किंवा नेहमी होते हे सांगायला क्रियापदाच्या आधी 'मी' लागतो. 'मी-रवम' म्हणजे मी जातो, पण 'मी-रवी' म्हणजे तू जातोस. मराठी बोलणाऱ्या मुलाला हे काही केल्या पटत नाही. जातोस तू, मग मध्ये मी कशाला, असं प्रत्येक वर्षी कोणी ना कोणी विचारायचंच.

गावात फारसी जाणणारा एकटाच असल्यामुळे गिऱ्हाईकंही यायची. एकदा कुरखेड्याच्या बाजूचे एक म्हातारे तांबड्या फडक्यात गुंडाळलेला कागद घेऊन आले. तीन पिढ्या देव्हाऱ्यात ठेवलेला. राजानं पणजोबाला दिलेली सनद आहे, अशी घराण्याची समजूत. मी चष्मा पुसून वाचायला लागलो, तर ते घोड्याच्या पोटदुखीवरचं औषध निघालं. सुंठ इतकी, ओवा इतका. मी सांगितलं. म्हातारे कागदाकडे पाहत म्हणाले, "घोडा राजाचाच असन ना?" मी म्हटलं, असेल, साध्या माणसाच्या घोड्यासाठी फारसीत कोण लिहितो. ते समाधानानं कागद गुंडाळून गेले. हे खोटं मी बोललो, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. माणसाला बरं वाटतं आणि कोणाचं काही जात नाही, असं खोटं मास्तरकीत रोजच लागतं. वाईट एवढंच की अशानं जीभ सैल होते.

आता जून महिन्याबद्दल. बाहेरच्या लोकांना वाटतं, मास्तर जूनमध्ये शाळा उघडायची वाट पाहत घरी बसतो. आमच्या भागात जूनमध्ये मास्तर दारोदार फिरतो. दहावीचा निकाल लागला की प्रत्येक कॉलेजचे शिक्षक गावं वाटून घेतात आणि पास झालेल्या मुलांच्या घरी जातात. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, ज्याच्या हातात पडला त्याचा तो विद्यार्थी. एकाच ओट्यावर तीन कॉलेजांचे तीन मास्तर मी पाहिले आहेत. एक बसच्या पासबद्दल बोलतो, एक वसतिगृहाबद्दल, आणि तिसरा मुलाच्या आजोबांच्या तब्येतीची चौकशी करत बसलेला असतो. तिसरा बहुतेक जिंकतो. पट भरला नाही तर वर्ग जातो, वर्ग गेला तर मास्तर जादा ठरतो. जादा ठरलेल्या मास्तराला कुठे पाठवतील, कधी पाठवतील, पाठवतील तरी का, हे कोणी सांगू शकत नाही.

फारसीला किमान पंधरा डोकी पाहिजेत, असं संस्थेच्या बाबूंनी मला बजावलं होतं. बरीच वर्षं वीस-बावीस यायची. मग उर्दू शाळेतली मुलं आयटीआयला आणि सायन्सला जाऊ लागली. त्यात चूक काही नव्हती, माझ्या पुतण्यानंही तेच केलं. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या जूनमध्ये माझ्याकडे चौदा टीसी होत्या. माझी मुलगी नागपूरला शिकत होती, तिची तीन वर्षं बाकी होती. उर्दू शाळेतलं एकही घर उरलं नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदा मराठी शाळेच्या निकालाची यादी हातात घेतली आणि स्कूटर कुरखेड्याच्या रस्त्याला वळवली.

करुणा दिवाकर रामटेके. वडील दिवाकरभाऊ वडशातल्या गिरणीत पोती उचलायचे, त्यामुळे मला तोंडओळखीनं जाणत होते. आई सुमनबाई दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोजानं जायच्या. रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस होते, त्या नुकत्याच हातपाय धुऊन आल्या होत्या. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याखाली करुणाची दहावीची गुणपत्रिका काचेत बसवलेली. निकाल लागून आठ दिवस झाले नव्हते, आणि गुणपत्रिकेला फ्रेम झाली होती. मी ती वाचली. मराठीत ती शाळेत पहिली होती.

मी माझं नेहमीचं बोलणं सुरू केलं. फारसीत गुण चांगले मिळतात, वर्ग लहान असतो, लक्ष देता येतं. दिवाकरभाऊंनी विचारलं की आपल्या लोकांना फारसी कशाला. मी म्हटलं, भाषा कोणाच्या बापाची नसते, आणि त्यांना ते आवडलं. करुणा दाराला टेकून उभी होती. तिला लिपी उलटीकडून लिहितात याची गंमत वाटत होती, एवढंच तिनं विचारलं. मग सुमनबाई बोलल्या.

"सर, मले काही समजत नाई. एकच सांगा. हे शिकून माही पोरगी मास्तरीण होते का?"

मास्तरीण व्हायचं तर बारावीनंतर डी. एड. करायचं. मराठी शाळेत शिकवायचं असेल तर त्या वेळच्या नियमाप्रमाणे बारावीला मराठी विषय असावा लागे. हे मला पक्कं माहीत होतं. दर जूनला मी प्रवेशाच्या टेबलावर बसत होतो आणि त्या नियमाचा कागद माझ्याच समोर काचेखाली ठेवलेला असे.

मी म्हटलं, "होते ना, बाई. भाषा कोणतीही चालते."

सुमनबाई मुलीकडे वळून म्हणाल्या, "दे टीसी. सर म्हणते तं होते."

परतताना मी स्कूटरवर मनाची समजूत घालत होतो. दोन वर्षांत नियम बदलतात. मुली डी. एड. करू म्हणतात आणि करत नाहीत. शिवाय दिवाळीपर्यंत विषय बदलून मिळतो, तेव्हा सांगू. हे तिसरं मी अगदी मनापासून ठरवलं होतं.

करुणासारखी विद्यार्थिनी मला तीस वर्षांत मिळाली नाही. उर्दू शाळेतल्या मुलांना जी लिपी येत होती ती तिनं महिन्याभरात गाठली, गावांची नावं लिहून लिहून. वडसा लिहिताना अडली, कारण फारसीत 'ड' नाही. मी म्हटलं, त्याच्यासाठी उर्दूचं अक्षर उसनं घ्यावं लागतं. ती म्हणाली, "म्हणजे इराणातल्या माणसाले वडसा म्हणताच येत नाई का?" वही तिच्याकडे एकच होती. पुढून इतिहास आणि पाठीमागून फारसी. मध्यावर दोन्ही जवळ आले की ती नवी वही मागायची नाही, कोऱ्या समासात लिहायची. मी पाहिलं आणि दोन वह्या आणून दिल्या. अशा बाबतीत मी फार उदार होतो.

ऑक्टोबरात स्टाफरूममध्ये मराठीच्या बाईंनी मला गाठलं. "शेखसर, ती रामटेके डी. एड.ला जायचं म्हणते. मग तिला मराठी नको का? अजून फॉर्म बदलता येतो." मी म्हटलं, बोलतो तिच्याशी. बाई भल्या होत्या, त्यांनी विश्वास ठेवला. करुणा रोज माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसत होती. बोलायला एक मिनिट पुरलं असतं. पण पंधरातून एक गेली की चौदा उरत होते, आणि दिवाळीनंतर पटाची तपासणी होती.

तपासणीला साहेब आले. त्यांनी डोकी मोजली, हजेरीशी ताडून पाहिली. मग म्हणाले, कोणीतरी फारसीत काही म्हणून दाखवा. मुलं माझ्याकडे पाहायला लागली. करुणा उठली. तिनं जाणे हे क्रियापद भूतकाळात, वर्तमानकाळात आणि नकारात न अडखळता चालवलं, आणि वर माझं गाव कुरखेड्याच्या वाटेवर आहे, माझे वडील गिरणीत काम करतात, अशी चार वाक्यं स्वतःची जोडून सांगितली. साहेबांनी नाव विचारलं. रामटेके ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी शेऱ्यात माझं कौतुक लिहिलं. त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले. दिवाळीची मुदत टळून गेली होती, हे मला पेढे वाटताना आठवत होतं.

त्याच हिवाळ्यात एक मजा झाली, ती सांगतो, कारण तीही तिचीच आहे. एका नाटक कंपनीला ऐतिहासिक नाटकात मोगल सरदारासाठी अस्सल फारसी संवाद हवे होते. खलनायक झालेला नट माझ्या घरी आला. मिशा जबर, आवाज त्याहून जबर, पण जीभ काही वळेना. चार तास घालवून मी हात टेकले आणि त्याला पहिल्या धड्यातली वाक्यं दिली, कारण तेवढीच त्याच्या तोंडात बसत होती. प्रयोगाला मी गेलो. सरदारानं तलवार उपसली, नायिकेच्या वडिलांवर रोखली आणि गरजला, "ईं किताबे मन अस्त!" म्हणजे हे माझं पुस्तक आहे. मग मागे वळून सैनिकांना, "दर खानए मा यक गाव अस्त!" आमच्या घरी एक गाय आहे. बायकांनी पोरांना जवळ ओढलं. नायिका किंचाळली. हजार माणसं श्वास रोखून बसलेली, आणि त्या शांततेत बायकांच्या बाजूनं एकच पोरगी खळखळून हसली. लोक तिच्यावर डाफरले. मी अंधारात ओळखलं आणि मलाही हसू आवरेना. त्या सबंध मांडवात आम्ही दोघंच होतो, ज्यांना गाय दिसत होती. मास्तराला याहून जास्त काय पाहिजे? दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली तेव्हा मी सांगून टाकायला हवं होतं. आता विषय बदलणार नव्हता, पण एकाच विषयाची परीक्षा बाहेरून देता येते का, याची चौकशी तरी करता आली असती. आम्ही गायीवर पुन्हा एकदा हसलो आणि मी धडा पुढे नेला.

बारावीला तिला फारसीत नव्वदच्या वर गुण पडले. सुमनबाईंनी ती गुणपत्रिकाही काचेत बसवली असणार. डी. एड.च्या प्रवेशासाठी कागदपत्रं तपासायला ती वडिलांबरोबर गडचिरोलीला गेली, आणि टेबलावरच्या माणसानं कागद परत दिले. बारावीला मराठी नाही.

दोन दिवसांनी ती एकटी माझ्या घरी आली. फाईल मांडीवर धरून बसली आणि काय झालं ते सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. सांगून झाल्यावर माझ्याकडे पाहत राहिली. माझी बायको चहा घेऊन आली आणि तिथेच बसली. मी म्हणालो, "नियम बदलला असेल. यांचं काही सांगता येत नाही. पुढच्या वर्षी बघू आपण." करुणानं चहा संपवला, कप उचलून मोरीत ठेवला, बायकोला येते म्हणाली आणि गेली.

पुढचं वर्ष आलंच नाही. कॉलेजात नाव असलेल्या मुलीचं लग्न घरचे थांबवून धरतात. घरी बसलेल्या मुलीला स्थळं येतात. माघात तिचं लग्न झालं. मला पत्रिका आली, मी गेलो, जेवलो. दिवाकरभाऊंनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, आमच्या करुणाचे सर. सुमनबाईंनी मला आग्रह करून वाढलं.

माझी नोकरी राहिली. मुलगी शिकली, तिचं सगळं चांगलं झालं. पुढच्या वर्षांत कधी पंधरा, कधी सोळा असं करत मी निवृत्तीपर्यंत ओढत नेलं. मी निवृत्त झालो त्या वर्षी जागा भरली नाही, आणि वडशात फारसी संपली. म्हणजे ती वाचवायला मी जे केलं त्यानं फारसी वाचली नाही, फक्त मी वाचलो. निरोपसमारंभात कोणीतरी म्हणालं की सरांनी या भागात फारसीचा दिवा तेवत ठेवला. मी हार घालून ऐकून घेतलं.

या लेखाचं बोलावणं आलं तेव्हा, सुरुवातीला म्हटलं तसं, मी गमती लिहायला बसलो. घोड्याचं औषध झालं, सरदार झाला. सरदारापाशी आलो आणि ते हसू आठवलं, आणि हात पुढे चालेना. तिला न विचारता तिच्यावर लिहायचं नाही, एवढं निदान ठरवलं. चौकशी केली तर ती सिंदेवाहीला असल्याचं कळलं. बस स्टँडजवळ तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे.

मी गेलो तेव्हा ती एका मुलीचा फॉर्म भरत होती. मला पाहून उठली, स्टूल पुढे केलं आणि पुन्हा कामाला बसली. त्या मुलीला विचारत होती, "बारावीले भाषा कोणती होती? नक्की सांग. गुणपत्रिका दाखव." स्वतःच्या डोळ्यांनी गुणपत्रिका पाहिल्यावरच तिनं पुढचा रकाना भरला. मुलगी गेल्यावर मी बोललो. नियम मला आधीपासून माहीत होता, तुझ्या आईनं सरळ विचारलं आणि मी सरळ खोटं बोललो, माझी नोकरी जात होती म्हणून, हे सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत हे मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोलत होतो. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. बोलताना माझा आवाज फुटला, याची मला अजून लाज वाटते, कारण रडायची पाळी माझी नव्हती.

करुणानं मशिनमधले कागद काढले, सरळ केले.

"मले माहीत होतं, सर," ती म्हणाली. "गडचिरोलीले त्या माणसानंच सांगितलं, हे तं सगळ्या मास्तराले माहीत राह्यते म्हणून. मी त्या दिवशी तुमच्या घरी इचाराले नव्हती आली. तुमी सांगसान म्हणून आली होती. तुमी चहा पाजला."

मी लिहू का, असं विचारलं. नाव बदलतो, गाव बदलतो, कोणाला कळणार नाही असं लिहितो, म्हणालो.

"नाई. नाव माहंच टाका. बाबाचंबी टाका," ती म्हणाली, आणि सांगायला लागली. गडचिरोलीहून आल्यावर तिनं घरी खरं ते सांगितलं होतं. सर खोटं बोलले, त्यांना माहीत होतं. आईनं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. सुमनबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. "मरेपर्यंत माय एकच म्हणे. मास्तर कायले खोटं बोलन? तूच कुठी कमी पडली असशीन. बाबा अजून तेच समजते. मी सांगून थकली. तुमी लिहा, आन घरी जाऊन बाबाले वाचून दाखवा. तुमच्या तोंडानं."

अंक छापून आला की मी तो घेऊन कुरखेड्याच्या रस्त्यावरच्या त्या घरी जाणार आहे. या लेखात बाकीच्यांची नावं मी टाकलेली नाहीत. माझ्याखेरीज तीनच नावं आहेत, तीही खरी, दिवाकर, सुमन आणि करुणा रामटेके. आणि शेवटच्या ओळी मी वाचकांसाठी लिहिलेल्या नाहीत.

दिवाकरभाऊ, तुमची पोरगी कुठीच कमी नाई पडली. सुमनबाईनं मले इचारलं होतं, आन मी खोटं बोललो.